शेजारच्या सीटवरून

४ फेब्रुवारी

भावजी,

नात्याने मी मोठी, वयाने तुम्ही. आशीर्वाद कुणी कुणाला द्यायचा याचा निकाल लागेपर्यंत नुसता नमस्कार घ्या.

फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही. मध्येच "वहिनी, ऐका तर" म्हणता आणि मग मीच ऐकत बसते. पत्रात तुम्हाला मध्ये बोलता येणार नाही. फार तर अर्ध्यावर वाचायचं सोडाल, पण तुम्ही सोडणार नाही. तुम्हाला माझी सही हवी आहे.

तुमचं जाडजूड पाकीट पोचलं. करार मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, बारीक अक्षरातलासुद्धा. तुमच्या दादांनी फक्त शेवटचं पान पाहिलं, सही कुठे करायची ते. केली नाही. पेनाला टोपण लावून म्हणाले, "ती म्हणेल तसं." तुमच्याशी बोलताना "तू म्हणशील तसं" म्हणाले असणार. या माणसाने आजवर कुणाला नाही म्हटलेलं नाही, त्यामुळे या घरातले सगळे नकार माझ्या वाट्याला येतात.

तुमचं म्हणणं मला कळत नाही असं नाही. मामंजी गेले, ड्रायव्हिंग स्कूलचा परवाना त्यांच्या नावावर होता, तो मार्चअखेर संपतोय. पुढे दोनच वाटा. एक तुमची: कंपनीची फ्रँचायझी घ्यायची. तिचं नाव, तिच्या पांढऱ्या गाड्या, तिची जाहिरात, तिचा गणवेश. फी तुम्ही भरणार, चालवणार आम्ही. दुसरी वाट म्हणजे नव्याने परवाना काढून आपलं आपण सुरू करायचं, एका जुन्या गाडीवर. पहिलीत सुख आहे हे आंधळ्यालाही दिसेल.

पण भावजी, ते बिगरस्पर्धेचं कलम तुम्ही वाचलंत का? करार संपला किंवा मोडला तर पुढची तीन वर्षं मी या गावात कुणाला गाडी शिकवायची नाही. स्वतःच्या नावाने नाही, दुसऱ्याच्या नावाने नाही, फुकटसुद्धा नाही. म्हणजे शेजारणीने रिव्हर्स कसा घ्यायचा विचारलं तर मी मूग गिळून बसायचं.

आणि सोबतचं ते पुस्तक. शिकवणाऱ्याने पहिल्या मिनिटाला काय म्हणायचं, दुसऱ्या मिनिटाला काय, "छान" कधी म्हणायचं. तुम्ही पत्रात मोठ्या प्रेमाने लिहिलंय, "वहिनी, तुम्हाला डोकं चालवावं लागणार नाही, सगळं तयार मिळतं." मला आजवर कुणी इतक्या प्रेमाने मूर्ख म्हटलं नव्हतं.

लग्न होऊन आले तेव्हा मामंजींचा हुकूम होता, सुनेने ऑफिसात बसून फोन घ्यायचे. मला गोदामांच्या मागच्या मैदानात कोण घेऊन गेलं? चोरून, मामंजी जेवून आडवे झाल्यावर. तुम्ही म्हणालात, "वहिनी, दिसेल ते मोठ्याने बोला. मी गप्प बसतो." आणि मी ओरडत सुटले, सायकल, दगड, कुत्रं, म्हातारे आजोबा, परत कुत्रं. जे बोललं नाही ते दिसलेलं नाही, एवढंच तुम्ही शेवटी सांगितलंत. पुढे मामंजींनाही ते पटलं. तेव्हापासून आपल्या शाळेत शिकणारा बोलतो आणि शिकवणारा कान देऊन गप्प बसतो. बाहेरचे लोक हसतात, आपल्या गाडीच्या काचा उघड्या असल्या की वेड्यांची गाडी चालली म्हणतात. पण ही रीत तुमची आहे. मी फक्त सांभाळली.

तेव्हा त्या पुस्तकाचं काय करू ते कळवा.

तुमची वहिनी


१७ फेब्रुवारी

भावजी,

तुमच्या आग्रहाखातर कंपनीच्या केंद्रात जाऊन आले. केंद्र तुमच्याच शहरात, पण तुम्ही दौऱ्यावर होतात, नेहमीप्रमाणे. धाकटीला भेटायला तुमच्या घरी जावं असं मनात होतं. पण तुम्हाला न विचारता तुमच्या बायकोला भेटलेलं तुम्हाला चालतं की नाही, हे मामंजींच्या वेळी तुम्ही भांडून शहरात गेलात तेव्हापासून कुणी ठरवलंच नाही. बसस्टँडवरूनच फोन केला. ती म्हणाली, "ताई, आला असतात तर बरं झालं असतं."

आता माझी फजिती ऐका, तुमच्या कानावर कुणी मीठमसाला लावून घालण्याआधी. तिथले एक साहेब आहेत, सदा हसतमुख. मी त्यांचं नाव हसरे ठेवलंय. ते म्हणाले, "मॅडम, आधी तुमचंच ड्रायव्हिंग बघू या." मी ऐटीत दार उघडलं, बसले, पट्टा लावला आणि वाट बघत राहिले. साहेब बाहेर उभे, मी आत. शेवटी त्यांनी काचेवर टकटक केलं तेव्हा लक्षात आलं, मी शेजारच्या सीटवर बसले होते. इतकी वर्षं शिकवून शिकवून स्टिअरिंगसमोर बसायची सवयच गेली आहे. परत येताना टॅक्सीतही माझा पाय मोकळ्या जमिनीवर ब्रेक दाबत होता. टॅक्सीवाल्याने विचारलं, "पायात पेटके येतात का, बाई?"

पण खरं ते सांगते. तिथलं ते पडद्यावर गाडी चालवायचं मशीन मला आवडलं. धुकं काय, घसरडा रस्ता काय, मी तीनदा अपघात केला आणि केसालाही धक्का लागला नाही. घाबरट माणसाला पहिले चार दिवस त्यावर बसवलं तर त्याचं भलं होईल. गाड्याही नव्या, क्लच दाबल्याचं कळतही नाही. आपल्या गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूच्या क्लचवर पाय ठेवून ठेवून माझा गुडघा महिन्यातून दोनदा संपावर जातो. कोपऱ्यात टांगलेला तो निळा कोट मी अंगाला लावून पाहिला. बरा दिसत होता.

थोडक्यात, मला मोह झालाय. ते बिगरस्पर्धेचं कलम तेवढं काढून घ्या, मग मी सही करते. दादा हो म्हणाले आहेत, म्हणजे त्याला काही अर्थ नाही, पण म्हणाले आहेत.

येत्या पंधरवड्यात हसरे आपल्याकडे येऊन माझा एक तास पाहणार आहेत. पुस्तकाप्रमाणे शिकवून दाखवायचं आहे. मी पाठांतराला बसले आहे. या वयात.

तुमची वहिनी


२ मार्च

भावजी,

चाचणी झाली. पूर्ण गुण मिळाले. हसरे म्हणाले, असे गुण त्यांनी या वर्षी कुणालाच दिले नाहीत.

कलमाचं काय झालं ते कळवा. सहीला दोन दिवस द्या. डोकं दुखतंय, जास्त लिहीत नाही.

वहिनी


९ मार्च

भावजी,

तुमचं अभिनंदनाचं पत्र मिळालं. "आपल्या घरातली पूर्ण गुणांची शिक्षिका" असं लिहिलंत, ते मी दोनदा वाचलं, खोटं कशाला बोलू. पुढे लिहिलंत की कंपनी ते कलम कुणासाठीच काढत नाही, आणि मन मोठं करून त्यावर पाणी सोडावं.

आधी मागच्या पत्रात जे लिहिलं नाही ते लिहिते.

चाचणीला मी नर्सबाईंना निवडलं होतं. सरकारी दवाखान्यात आहेत, रात्रपाळी संपवून तशाच शिकायला येतात. मागे दोनदा परीक्षेत नापास झालेल्या, दुसरीकडे शिकलेल्या. आपल्याकडे तीन आठवड्यांत त्यांनी रस्ता असा वाचायला घेतला होता की मी शेजारी बसून निवांत शेंगा खाव्यात. दारामागचा हात दिसला की बोलायच्या, फाटकातून डोकावणारा चेंडू दिसला की बोलायच्या.

त्या दिवशी हसरे मागच्या सीटवर बसले, मांडीवर टॅब. मी पुस्तक सुरू केलं. आरशात पाहा. इंडिकेटर द्या. क्लच हळू सोडा. छान. आता वेग कमी करा. फार छान. एकही वाक्य गाळलं नाही, भावजी. आणि मी बोलायला लागल्यावर नर्सबाई गप्प झाल्या. साहजिकच आहे, दोघांनी एकदम कसं बोलायचं? त्या माझं ऐकत होत्या आणि मी पुस्तकाचं. रस्त्याकडे पाहणारं गाडीत कुणीच उरलं नव्हतं.

छापखान्याच्या वळणावर टेम्पो उभा होता. त्याच्या मागून एक माणूस रिकाम्या बाटल्यांचा क्रेट घेऊन उलट्या पावलांनी रस्त्यात आला. नर्सबाईंनी पाहिला नाही आणि मीही पाहिला नाही. माझ्या पायाने पाहिला. गाडी थांबली तेव्हा त्याची पाठ आणि आपलं बॉनेट यांच्यात माझा हात जेमतेम गेला असता. क्रेट खाली पडला, बाटल्या फुटल्या, तो वळला आणि त्याने आम्हा दोघींचा मनसोक्त उद्धार केला. त्याचं बरोबरच होतं. नर्सबाई स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळून बसल्या होत्या, आणि या बाई दवाखान्यात रक्त पाहून हलत नाहीत.

मागून आवाज आला, "उत्तम, मॅडम. ब्रेक वेळेत." आणि टॅबवर एक खूण.

शाळेत परतल्यावर हसऱ्यांनी गुण दाखवले. प्रत्येक रकान्यात पूर्ण. मी विचारलं, "तो माणूस कुठे मोजलात?"

ते हसत म्हणाले, "तो अभ्यासक्रमात नाही, मॅडम."

माणूस वाईट नाही हो. त्यांना जे मोजायला दिलंय ते त्यांनी चोख मोजलं. राग आला तो माझाच. कारण त्या संध्याकाळी मी तो गुणांचा कागद दादांना दाखवला, घडलेलं सांगितलं नाही. तुम्हालाही चार ओळी खरडल्या आणि डोकेदुखीचं निमित्त सांगितलं. मला ते गुण हवे होते. शिकवायला लागल्यापासून मला कुणी गुण दिले नव्हते. मामंजी जास्तीत जास्त "बरं" म्हणायचे, तेही जेवताना, भाजीला म्हणाले की मला म्हणाले ते कळायचं नाही.

नर्सबाई दोन दिवस आल्या नाहीत. मला वाटलं, गेल्या. तिसऱ्या दिवशी आल्या, सीटवर बसल्या, गाडी सुरू न करताच म्हणाल्या, "बाई, त्या दिवशी तुम्ही एवढं का बोलत होतात?"

भावजी, मी सही करणार नाही.

आता तुम्ही म्हणाल, एका घटनेवरून एवढं आकांडतांडव कशाला. घटना एकच होती. पण कंपनीच्या करारात मला ती पुन्हा घडवायची आहे, रोज, दर तासाला, निळा कोट घालून. आणि एक दिवस मला ते नकोसं झालं तर पुढची तीन वर्षं मला दुसऱ्या कशानेही शिकवायचं नाही. माझं तोंड त्यांचं, आणि निघून गेले तर गप्प बसणंही त्यांचं. मशीन चांगलं आहे, गाड्या चांगल्या आहेत, मी नाक मुरडत नाही. ज्याला नव्याने शिकवायला शिकायचंय त्याने जरूर घ्यावं. मला शिकवता येतं.

मी माझ्या नावाने परवान्याचा अर्ज केला आहे. विचारून नाही, सांगून करतेय.

तुमची वहिनी


३० मार्च

भावजी,

तुमचं पत्र मिळालं, वकिलाचंही मिळालं. वकिलाचं जास्त गोड होतं.

आवाराचा अर्धा भाग आणि ऑफिसची खोली तुमच्या वाट्याची, ती तुम्ही कंपनीला देताय, शाळा दुसरा कुणीतरी चालवणार. द्या. तुमचा हक्क आहे, मी त्यात आडवी येणार नाही. "मग बघू वहिनी कुठे उभ्या राहतात" असं तुम्ही दादांना फोनवर म्हणालात. फोन स्पीकरवर होता. तेव्हा ऐका कुठे उभी आहे ते.

छापखान्यामागे एक मोकळी जागा आणि तिला लागून खोली आहे, पूर्वी तिथे कागदाचे रोल ठेवायचे. खिडकी एकच, पण रस्त्याकडे उघडते. भिंतीला शाईचा वास येतो. आमच्या वाट्याच्या अर्ध्या आवारात गाडीसुद्धा वळत नाही, म्हणून ती अर्धी जागा पंक्चरवाल्याला भाड्याने दिली आणि ही घेतली. पाटी रंगाऱ्याने लिहिली. त्याने विचारलं, आधीचंच नाव ना? मी म्हटलं, नाही, माझं.

दादांचं सांगायचं राहिलं. हसरे जागा पाहायला आले तेव्हा त्यांनी दादांना नव्या शाळेत व्यवस्थापकाची नोकरी देऊ केली, तुमच्याच शब्दाखातर. पगार, खुर्ची, एसी. मी दारात उभी होते आणि या माणसाचं उत्तर मला पाठ होतं. दादा खाली बघत म्हणाले, "नाही." इतक्या हळू म्हणाले की हसऱ्यांना ऐकू गेलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. दादा पुन्हा म्हणाले. मग त्यांनी भिंतीवरचा वाहतूक चिन्हांचा तक्ता उतरवला, गुंडाळला, काखेत मारला आणि माझ्याआधी फाटकाबाहेर पडले. घरी आल्यावर त्यांना ताप भरला, पण ते वेगळं.

नर्सबाई पास झाल्या, आपल्याकडून बसल्या त्या पहिल्याच फटक्यात. पेढ्यांऐवजी त्यांनी बी-पी तपासून दिलं, दोघांचंही.

आता एक गोष्ट तुम्हाला दुसऱ्याकडून कळण्याआधी मीच सांगते. परवाना मिळाला, पाटी लागली, गाडी पुसून उभी आहे, आणि आठवडाभर एकही माणूस आलेला नाही. समोर तुमच्या कंपनीचा फलक लागलाय, त्यावर पहिल्या महिन्यात सूट. लोक तिथे जातात. जाणारच. मी खिडकीत बसून पाहते. रात्री झोप लागत नाही, भीती वाटते. दादा वाहतूक नियमांचा वर्ग घेतात, त्यातली सगळी चिन्हं त्या तक्त्यावर आहेत आणि समोर बसायला कुणी नाही, तर ते मलाच शिकवतात आणि मी निमूटपणे उत्तरं देते.

पण सही न केल्याचा पश्चात्ताप होतोय असं समजू नका. भीती वेगळी आणि पश्चात्ताप वेगळा. मेपर्यंत कुणी आलं नाही तर गाडी विकू आणि दुसरं काही करू. तेही माझ्याच नावाने.

वहिनी


१२ एप्रिल

भावजी,

काल तुमचा फोन आला. पहिल्यांदाच तुम्ही मला वाक्य पुरं करू दिलंत, कारण तुम्हाला उत्तर हवं होतं. "ती तिकडे आलीय का?" मी हो म्हटलं. फोन तिच्यापुढे धरला, तिने मानेनेच नको म्हटलं. म्हणून हे पत्र. ती समोरच बसली आहे, मी काय लिहितेय ते वाचत, आणि तिची हरकत नाही.

धाकटी शनिवारी सकाळच्या बसने आली. हातात एक बॅग. मला वाटलं, तुमचं काही बिनसलं, समजूत घालायला बसावं लागणार. मी चहा टाकायला उठले तर म्हणाली, "चहा नंतर, ताई. आधी माझं नाव घाला." खुर्ची ओढून दादांच्या समोर बसली आणि अर्ज मागितला. दादांना अर्ज कुठे ठेवलेत ते आठवेना, इतके दिवस लागलेच नव्हते.

मी म्हटलं, अगं, तुमच्या शहरात कंपनीचं एवढं मोठं केंद्र आहे, नवऱ्याच्या ओळखीचं, तिथे फुकट शिकली असतीस.

ती म्हणाली, "तिथे सगळे ह्यांची माणसं. पहिल्या दिवशी ह्यांना कळलं असतं आणि दुसऱ्या दिवशी बंद." मग थोडं थांबून म्हणाली, "ह्यांनी अख्ख्या गावाला शिकवलं, तुम्हाला शिकवलं. मी लग्न झाल्यापासून म्हणतेय. मला म्हणतात, तुला कुठे जायचंय, मी आहे ना. ताई, असतात कुठे?"

याचं उत्तर तुमच्याकडे असेल तर तिला लिहा, मला नको.

गेल्या वर्षी तिच्या आईला पहाटे दवाखान्यात न्यायचं होतं. गाडी दारात उभी होती, किल्ली खिळ्यावर होती, तुम्ही दौऱ्यावर होतात. तिने रस्त्यावर उभं राहून परक्या माणसाला हात केला. आई वाचली. पण तो किल्लीचा खिळा तिला रोज दिसतो म्हणाली. तुम्हाला हे तिने सांगितलं नव्हतं. आता सांग असं मी म्हटलं, तर म्हणाली, तुम्हीच लिहा, तुमचं पत्र ते शेवटपर्यंत वाचतात.

तेव्हा ही माझी पहिली विद्यार्थिनी. फी पूर्ण घेतली, नात्यात सूट दिली नाही. तिनेही मागितली नाही, उलट पावती मागितली. परवा तिने चौक पार केला. सिग्नलला गाडी बंद पडली, मागच्यांनी भोंगे वाजवले, ती घाबरली नाही. तिने शांतपणे पुन्हा सुरू केली. घामाने थबथबली होती आणि हसत होती. ते पाहून कोपऱ्यावरच्या बेकरीवालीने विचारलं, या बाई नवीन आहेत का, आणि संध्याकाळी स्वतःचं नाव घालून गेली. आज तिची नणंद येणार आहे. माझी शाळा चालेल की नाही ते मला अजून माहीत नाही, भावजी. पण आता खिडकीत बसायला मला वेळ नसतो.

तुम्ही म्हणालात, मी तुमचं घर फोडलं. तुमचं घर जिथे आहे तिथेच आहे, कुलूप लावून किल्ली शेजारी दिली आहे. धाकटी परीक्षा देऊन येईल. तोवर ती आमच्याकडे राहील, तुमचे दादा आनंदाने हो म्हणाले आहेत, आणि हा हो खरा आहे.

तिला भेटायचं असेल तर जरूर या. या घरात तुमचं ताट कधीच बंद झालेलं नाही. फक्त सकाळी सात ते आठ येऊ नका. त्या वेळी ती गाडी चालवत असते.

तुमची वहिनी